डॉक्टर राहून एओर्टावर रिसर्च करता येतो का? जरा सविस्तर सांगतो

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे: एमडी मेडिसिनचं दुसरं वर्ष चालू आहे, वॉर्डात तिशीतला एक पेशंट टाइप ए डिसेक्शनने (हृदयातून निघणारी मुख्य धमनी, म्हणजे एओर्टा, हृदयाजवळच आतून फाटून) गेला, मागून नातेवाइकांकडून कळलं की त्याचा थोरला भाऊही असाच ‘अॅटॅक येऊन’ अचानक गेला होता, आणि आता याच विषयावर काम करायचं डोक्यात बसलंय. तर डॉक्टरकी सांभाळून शास्त्रज्ञ होता येतं का, पीएचडी करावीच लागते का, आणि असं करिअर प्रत्यक्षात दिसतं कसं.

मी कार्डिओलॉजिस्ट आहे, एओर्टाचे पेशंट आणि त्यांची घरं बरीच वर्षं बघतोय, मधली काही वर्षं लॅबमध्येही काढली. उत्तर लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

रिसर्चचं नंतर, आधी त्या कुटुंबाचं. दोन सख्खे भाऊ तरुणपणी असे गेले म्हणजे हे घराण्यात आहे असं धरूनच चालायचं, खोटं ठरलं तर चांगलंच. आई-वडील, उरलेली भावंडं, दोघांची मुलं, सगळ्यांचा टू-डी इको करून घे, आणि शक्य तिथे सीटी किंवा एमआरआय, कारण इकोमध्ये एओर्टाचं मूळ आणि थोडा चढता भाग दिसतो, पुढचं बरंचसं सुटतं. ‘आम्हाला कुणाला काही त्रास नाही हो’ असं म्हणतील, बरोबरच आहे, फुगलेली एओर्टा फुटेपर्यंत दुखत नाही, हीच तर या आजाराची लबाडी आहे. मग कागद घेऊन तीन पिढ्यांची पेडिग्री, म्हणजे वंशावळ, काढ, कोण कधी गेलं, कशाने गेलं, गावाकडच्या मावशीला फोन लावून विचारायला लाव, कारण मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदयविकार’ एवढंच लिहिलेलं असतं आणि मावशीला आठवत असतं की पाठीत फाडल्यासारखं दुखत होतं म्हणून.

याला कुणी रिसर्च म्हणत नाही. पण या क्षेत्रातलं जवळजवळ प्रत्येक मोठं काम इथूनच सुरू झालंय.

उदाहरण म्हणून डायना मिलेविच यांचं करिअर बघ, ह्यूस्टनच्या टेक्सास युनिव्हर्सिटीच्या मेडिकल स्कूलमध्ये असतात, एमडी आणि पीएचडी दोन्ही केलेलं, मूळच्या इंटर्निस्ट, म्हणजे फिजिशियन, पुढे सिएटलला मेडिकल जेनेटिक्सचं ट्रेनिंग. त्यांनी कामाला सुरुवात केली तेव्हा समज अशी होती की छातीतल्या एओर्टाचा आजार आनुवंशिक असतो तो मार्फानसारख्या सिंड्रोममध्ये, म्हणजे उंच, सडपातळ, लांब बोटं, डोळ्याचं भिंग सरकलेलं, असं काही दिसलं तर. बाकीच्यांचं काय, तर बीपी, वय, सिगारेट. मिलेविच आणि अजून एकदोन गटांनी काय केलं, तर मार्फान नसलेल्या पेशंटना बसवून घरच्यांची चौकशी केली. आणि निघालं असं की साधारण पाचातल्या एकाच्या जवळच्या नात्यात हाच आजार आहे. बाहेरून बघायला माणूस अगदी ठणठणीत, ना उंची ना बोटं, पण बापाला, आत्याला, चुलतभावाला तेच. ही गोष्ट शोधायला मशीन लागलं नाही, चिकाटी लागली आणि एक जागा लागली जिथे असे पेशंट ढिगाने येतात.

ह्यूस्टन ही ती जागा. मायकल डिबेकी आणि डेंटन कूली यांनी १९५० च्या दशकात एओर्टाच्या सर्जरीचा पाया तिथेच घातला, नंतर स्टॅन्ली क्रॉफर्ड आणि त्यांच्या तालमीत तयार झालेले लोक आले, त्यामुळे जगभरातून केसेस तिथे जायच्या आणि ओटीतून टिश्यूही मिळायचा. (डिबेकींना स्वतःलाच २००५ च्या ३१ डिसेंबरला, वयाच्या ९७ व्या वर्षी डिसेक्शन झालं, आणि त्यांनीच रुळवलेल्या ऑपरेशनने ते वाचले, पुढे २००८ पर्यंत जगले. आपल्या क्षेत्रात हा किस्सा सगळ्यांना पाठ असतो.) सांगायचा मुद्दा, लॅब कुठे मिळते त्याआधी पेशंट कुठे येतात ते बघ.

मोठी कुटुंबं हाताशी आल्यावर मग जीन शोधायचं काम. तेव्हा आजच्यासारखं एक्झोम (सगळ्या जीनची एकत्र तपासणी) पाठवलं आणि रिपोर्ट आला असं नव्हतं, आजार असलेले आणि नसलेले नातेवाईक घेऊन क्रोमोसोमचा कुठला तुकडा आजारासोबत फिरतोय ते बघत बसायचं, वर्षानुवर्षं. २००५ मध्ये मिलेविच यांच्या गटाने टीजीएफबीआर२ हा जीन दाखवला, आणि २००७ मध्ये एसीटीए२. हा दुसरा फार महत्त्वाचा. त्यातल्या एका मोठ्या कुटुंबात काही जणांच्या त्वचेवर जाळीसारखे जांभळट डाग कायम असायचे. दुसऱ्या कुणी स्किनवाल्याकडे जा म्हणून सोडून दिलं असतं, इथे ते टिपलं गेलं. जीन सापडला तो स्नायूपेशीतल्या अॅक्टिनचा, आणि आनुवंशिक केसेसच्या सुमारे १४ टक्के कुटुंबांत तो बिघडलेला निघाला.

इथे थोडं शास्त्र सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. छातीतल्या एओर्टाच्या मधल्या थरात इलॅस्टिनचे पन्नासेक पापुद्रे एकावर एक असतात आणि प्रत्येक दोन पापुद्र्यांच्या मध्ये स्नायूपेशी, फायब्रिलिनच्या बारीक धाग्यांनी दोन्हीकडे बांधलेल्या. दर ठोक्याला हे सगळं ताणलं जातं आणि परत येतं. हा थर कमजोर झाला आणि आतलं अस्तर फाटलं की रक्त थरांच्या मधे शिरतं, जुन्या भिंतीत पाणी शिरून गिलावा सुटत जावा तसं, आणि सुटत सुटत मेंदूच्या, किडनीच्या, पायाच्या फांद्या बंद करत जातं किंवा मागे हृदयाच्या पिशवीत फुटतं. मार्फानमुळे सगळ्यांना वाटायचं की दोष धाग्यांत आहे. मायोसिनचा जीन एमवायएच११, अॅक्टिनचा एसीटीए२, मग २०१० मध्ये एमवायएलके, २०१३ मध्ये पीआरकेजी१, हे सगळे पेशीच्या आकुंचनाशी संबंधित निघाले आणि चित्र बदललं: पेशीला ताण ‘जाणवणं’ आणि तिने तो धरून ठेवणं हेच बिघडलंय. धागा तुटो नाहीतर पेशीची पकड सुटो, शेवट एकच.

आणि २००९ चं काम तर मला सगळ्यात जास्त आवडतं. एसीटीए२ वाल्या कुटुंबांचा पाठपुरावा चालूच ठेवला होता, त्यात लक्षात आलं की ज्यांना एओर्टाचा त्रास नाही अशा काहींना तरुण वयात स्ट्रोक येतोय, कोरोनरी, म्हणजे हृदयाच्या स्वतःच्या धमन्या, बंद होतायत. म्हणजे एकच म्युटेशन, मोठी धमनी फुगते आणि छोट्या धमन्या आतून भरून बंद होतात. हे कुठल्याही उंदराने आधी सांगितलं नव्हतं. जीन सापडला, पेपर छापला, पुढच्या जीनकडे चला असं केलं असतं तर हे हातातून गेलं असतं.

याचा पेशंटला काय उपयोग, असं विचारशील. उपयोग असा की सर्जनकडे कधी पाठवायचं याचा आकडा बदलला. पूर्वी सरसकट एओर्टाची रुंदी साडेपाच सेंमी झाली की. पण आंतरराष्ट्रीय डिसेक्शन रजिस्ट्रीने २००७ मध्ये दाखवलं की टाइप ए डिसेक्शन झालेल्यांपैकी जवळपास ६० टक्के लोकांची एओर्टा साडेपाचच्या खालीच होती, ४० टक्क्यांची तर पाचच्याही खाली. म्हणजे नुसत्या साइजवर बसलो तर निम्म्याहून जास्त लोक आपण वाट बघतानाच जाणार. २०१५ मध्ये एसीटीए२ च्या २७७ लोकांचा अभ्यास आला, त्यातल्या ४८ टक्क्यांना एओर्टाची घटना झालेली आणि त्यात बहुतेक डिसेक्शन, आधी पकडून ऑपरेशन केलेले थोडेच. आता गाइडलाइन जीन बघून आकडा खाली आणते, काही जीनमध्ये साडेचारच्या आसपास, घरात लवकर मृत्यू असतील तर अजून आधी. एवढा एक आकडा बदलायला कितीतरी देशांतली कितीतरी कुटुंबं आणि दोन दशकं लागली.

दुसरं करिअर वेगळ्या वळणाचं, हाल डीट्झ, बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स. हे बालहृदयरोगतज्ज्ञ, मार्फानची मुलं बघता बघता यात ओढले गेले, आणि त्यांच्या नावापुढे पीएचडी नाही, तुझ्या एका प्रश्नाचं उत्तर इथेच मिळालं बघ. फायब्रिलिन हे प्रोटीन लिन साकाई यांनी १९८६ मध्ये शोधलेलं होतं, १९९१ मध्ये डीट्झ आणि सहकाऱ्यांनी मार्फानच्या पेशंटमध्ये त्याच्या जीनमधलं म्युटेशन दाखवलं. २००५ मध्ये बेल्जियमच्या बार्ट लोयस यांच्यासोबत एक नवा सिंड्रोमच वेगळा काढला, लोयस-डीट्झ, दोन डोळ्यांत जास्त अंतर, पडजीभ दुभंगलेली, धमन्या वेड्यावाकड्या. आता डोळ्यांतलं अंतर आणि पडजीभ हे कुणाला दिसणार, तर जो मुलाला तोंड उघडायला सांगतो त्याला.

मग आलं लोसार्टन. हो, तेच आपलं बीपीचं, मेडिकलमध्ये स्वस्तात मिळतं ते. २००६ मध्ये मार्फानच्या उंदरांना ते दिलं तर एओर्टा जवळपास नॉर्मल राहिली, सगळीकडे खळबळ. २००८ मध्ये १८ मुलांवरचा छोटा रिपोर्ट आला, एओर्टाच्या मुळाची वाढ वर्षाला साडेतीन मिमीवरून अर्ध्या मिमीच्या आसपास आली. आईबापांनी देव बघितल्यासारखं केलं असणार, मी पण तेव्हा पेशंटना उत्साहाने सांगत होतो. आणि २०१४ मध्ये खरी ट्रायल आली, ६०८ मुलं आणि तरुण, लोसार्टन विरुद्ध अॅटेनोलॉल (हा बीटा-ब्लॉकर, आधीपासून देत होतो तो), तीन वर्षं. फरक? काहीच नाही. दोन्ही सारखंच.

याला लोक ‘उंदीर वाचला, माणूस राहिला’ म्हणून हसतात, मला ते पटत नाही. त्यानंतर २०१९ मध्ये ब्रिटनमधून लोसार्टनच्याच गटातल्या इर्बेसार्टनची ट्रायल आली, वाढ थोडी कमी झाली, आणि २०२२ मध्ये सगळ्या ट्रायल्सचा एकत्र हिशोब लावला तेव्हा दिसलं की या गटाच्या औषधांनी एओर्टाची वाढ साधारण निम्म्याने मंदावते, बीटा-ब्लॉकर चालू असला तरी. म्हणजे औषध कामाचं आहे, चमत्कार नाही. उंदरापासून या शांत उत्तरापर्यंत १६ वर्षं गेली. तुला हे करिअर करायचं असेल तर अशी १६ वर्षं पचवायची तयारी आहे का ते स्वतःला विचार, बाकी मार्क, गाइड, व्हिसा वगैरे नंतर.

अजून एक कडू गोष्ट. मार्फानच्या पेशंटचं सरासरी आयुर्मान १९७२ च्या सुमाराला ४८ वर्षांच्या आसपास धरलं जायचं, १९९० च्या दशकात ते ७२ वर गेलं. हे जीनमुळे झालं का? नाही. जीन सापडून जेमतेम एकदोन वर्षं झाली होती. हे श्रेय इकोचं, बीटा-ब्लॉकरचं आणि मुख्य म्हणजे सर्जनांचं, १९६८ मध्ये ह्यू बेंटॉल यांनी व्हॉल्व्हसकट एओर्टाचं मूळ बदलायचं ऑपरेशन छापलं तिथून. आपण फिजिशियन लोक लॅबमध्ये बसून फार हवेत जातो म्हणून हे आकडे मी मुद्दाम सांगतो.

उलटं उदाहरणही आहे, जिथे लॅबने पटकन साथ दिली. लोकसंख्येच्या आकडेवारीत दिसत होतं की सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स घेणाऱ्यांत एओर्टा फाटायचं प्रमाण जास्त आहे. २०१८ मध्ये ह्यूस्टनच्याच बेलर कॉलेजमधल्या स्कॉट लेमेअर या सर्जनच्या गटाने उंदरांमध्ये सिप्रोने एओर्टा बिघडते हे दाखवलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख ठेवणारी संस्था) इशारा काढला. आपल्याकडे जुलाब झाले की मेडिकलवाला सिप्रो-टिनिडाझोलची पट्टी काढून देतो, एओर्टाच्या पेशंटला डिस्चार्ज कार्डवर हे लिहून द्यायचं, मी देतो.

आता रोजचं आयुष्य. अमेरिकेत याचा साचा ठरलेला आहे, रेसिडेन्सी, फेलोशिप, मग के०८ नावाची एनआयएचची (अमेरिकी सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) ग्रँट, तिची अट अशी की तुझा ७५ टक्के वेळ रिसर्चला राखून ठेवलेला पाहिजे आणि डिपार्टमेंटने ते लिहून द्यायचं. मग आर०१ ही मोठी ग्रँट, जी मिळाली की तू स्वतंत्र झालास, आणि ती मिळेपर्यंत बहुतेकांची चाळिशी उलटते. आठवड्यातला एखादा दिवस क्लिनिक, उरलेल्या दिवसांत लॅब, म्हणजे खरं तर अर्ज लिहिणं, विद्यार्थ्यांची भांडणं सोडवणं, उंदरांच्या पिंजऱ्यांचं बिल भरणं. बरोबरचे कार्डिओलॉजिस्ट तोवर अँजिओप्लास्टी करून तुझ्या दुप्पट-तिप्पट कमावत असतात, घरचे विचारतात की तू नक्की कुठला डॉक्टर आहेस. पैसा कधी कधी भलत्याच ठिकाणाहून येतो. जॉन रिटर हा अमेरिकन नट सप्टेंबर २००३ मध्ये सेटवर आजारी पडून त्याच दिवशी गेला, आधी हार्ट अॅटॅक समजले होते, होतं डिसेक्शन. नंतर त्याच्या भावाची तपासणी केली तर त्याचीही एओर्टा फुगलेली, वेळेत ऑपरेशन झालं. त्याच्या बायकोने फाउंडेशन काढलं आणि मिलेविच यांच्याकडे त्याच्या नावाने संशोधन कार्यक्रम उभा राहिला. तुझ्या वॉर्डात झालं तेच तिथे झालं, फरक एवढाच की भावाला कुणीतरी वेळेत तपासलं.

भारतात करता येईल का? येईल, पण साचा तयार मिळणार नाही. राखीव वेळ नावाची गोष्ट मेडिकल कॉलेजात जवळजवळ नाही, लेक्चररला ओपीडी, वॉर्ड, परीक्षा, इन्स्पेक्शन, सगळं. तरी वाटा आहेत. त्रिवेंद्रमची श्रीचित्रा ही सरकारी वैद्यकीय संस्था आहे, जिथे डॉ. वलियाथन यांच्यासारख्या सर्जनने इंजिनीअर लोकांना घेऊन देशी व्हॉल्व्ह बनवला, १९९० पासून तो माणसात बसवला जातोय. इंडिया अलायन्सच्या (केंद्र सरकार आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट मिळून चालवतात) काही फेलोशिप डॉक्टरांसाठी आहेत, आयसीएमआर ही सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद आहे, दिल्लीचं आयजीआयबी हे जीनोमवर काम करणारं केंद्र दुर्मिळ आजारांवर देशभरच्या डॉक्टरांसोबत काम करतं.

आणि केरळचं उदाहरण तर तू वाचच. कोचीच्या अमृता इन्स्टिट्यूटमधल्या बालहृदयरोगतज्ज्ञांच्या लक्षात आलं की तान्ही बाळं येतायत, एओर्टा प्रचंड फुगलेली, फुफ्फुसाच्या धमन्या अरुंद, आणि बहुतेक वाचत नाहीत. अशी २२ बाळं जमली, तपासलेल्या बाळांत फायब्युलिन-४ या प्रोटीनच्या जीनमध्ये एकच म्युटेशन निघालं, २०१२ मध्ये पेपर आला. दोन्हीकडून जीन आला तरच होणारा आजार, त्यामुळे पुढच्या बाळंतपणाआधी आईबापांना काही सांगता येतं. यात ह्यूस्टनची गरज पडली नाही. ‘हे असं मी आधी पण बघितलंय’ एवढं एका ओपीडीत कुणालातरी वाटलं आणि ते सोडून दिलं नाही.

आपल्याकडचे दोन खास प्रॉब्लेम मात्र माहीत असू देत. एक, तरुण बाईची एओर्टा खराब दिसली की लगेच जीन जीन करू नकोस, आपल्याकडे टाकायासू (मोठ्या धमन्यांना सूज येण्याचा आजार) भरपूर आहे, दोन्ही हातांचं बीपी घे, नाड्या चाचप, ईएसआर-सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या बघ. दोन, जेनेटिक रिपोर्टमध्ये ‘अर्थ अनिश्चित’ असे बदल भारतीयांत जास्त येतात, कारण जगाच्या डेटाबेसमध्ये आपली माणसं कमी. जीनोम इंडियाचे १० हजार जीनोम आले आहेत, त्याने थोडं सोपं होईल, पण खरा निकाल लागतो तो बदल घरातल्या आजारी माणसांतच आहे आणि निरोगी माणसांत नाही हे तपासल्यावर. म्हणजे परत पेडिग्री, परत मावशीला फोन.

पीएचडीबद्दल माझं स्पष्ट मत: आत्ता नको. आधी एमडी पूर्ण कर, सरकारी सेवेचा बॉण्ड उरक, मग डीएम, म्हणजे सुपरस्पेशालिटी, करायचं की जेनेटिक्सकडे जायचं ते ठरव. पीएचडी ही प्रयोग कसा रचायचा हे शिकण्यासाठी, ते एखाद्या चांगल्या लॅबमध्ये दोन-तीन वर्षं बसूनही शिकता येतं, गाइड मात्र असा शोध जो अजून स्वतः पेशंट बघतो. थिसिसचा विषय बदलता येत असेल तर डिसेक्शन झालेल्यांच्या घरच्यांचं स्क्रीनिंग हाच घे, खर्च फक्त इकोचा आहे. आणि कॉलेजात सीव्हीटीएस, म्हणजे हृदयशस्त्रक्रियेचं डिपार्टमेंट, असेल तर तिथल्या सरांना आत्ताच भेटून ठेव: काढलेल्या एओर्टाचा तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकला की त्यातून पेशी वाढवता येत नाहीत, त्यातला अर्धा तरी बर्फावर, मीडियामध्ये (पेशी जिवंत ठेवणारं द्रावण) तुझ्याकडे यायला हवा, आणि त्यासाठी एथिक्स कमिटीची परवानगी आणि पेशंटची लेखी संमती आधी लागते. कमिटी बऱ्याच ठिकाणी महिना-दोन महिन्यांतून एकदा बसते, तेव्हा अर्जाचा फॉर्म या आठवड्यातच मागून घे.